कुणाचा हात लागला?

वालूरकर सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाले.

मला वाटलं, भविष्य बघतात की काय. मी दोन्ही तळहात पुढं केले. सरांनी त्यांना स्पर्श केला नाही. चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकले आणि माझ्या बोटांचा वास घेतला.

"शेंगदाण्याची चटणी," ते म्हणाले. "हात धुतलेस?"

"धुतले सर."

"कशानं?"

"पाण्यानं."

"पाण्यानं!" मी काहीतरी अश्लील बोललो असावं तसे सरांनी डोळे मिटून घेतले. "तौबा. कुठला रे तू?"

"शेंद्र्याचा, सर."

"शेंद्रा, बाहेर जा. साबणानं कोपरापर्यंत धू, मग ये. तोवर इथल्या कशाला हात लावायचा नाही. दाराच्या कडीलासुद्धा नाही."

कडीला हात न लावता बाहेर कसं जायचं, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. कोपरानं कडी दाबली, खांद्यानं दार ढकललं. त्या प्रयोगशाळेत होतो तोवर मी ते दार तसंच उघडत राहिलो. अजूनही अनोळखी ठिकाणी कधीकधी माझं कोपर आपोआप पुढं येतं, आणि मग सर आठवतात.

सरांवर लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिक्षकाबद्दल वाईट बोललेलं आमच्या वडिलांना अजून चालत नाही. आणि सर फार चांगलं शिकवायचे, हे तर मीच सगळ्यांना सांगत आलोय. पण त्यांची आठवण आली की मला आधी किळस येते, बाकीचं सगळं नंतर. ती किळस बाजूला ठेवून लिहिलं तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र होईल असं वाटतं.

शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि इमारतीच्या मागच्या लांबट खोलीत त्यांचं संशोधन चालायचं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिथं गेलो. विषय होता थंड कॅथोड. जुन्या टीव्हीच्या नळीत एक तार लाल होईपर्यंत तापवतात, तेव्हा तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. उकळत्या चहातून वाफ निघते तसे. थंड कॅथोडला तापवावं लागत नाही. धातूच्या चकतीवर सुयांसारखी बारीक टोकं वाढवायची, समोर अगदी थोड्या अंतरावर काच ठेवायची, मधली हवा पंपानं काढून घ्यायची आणि जबर व्होल्टेज लावायचं. मग टोकांमधून इलेक्ट्रॉन ओढून बाहेर काढले जातात आणि समोरच्या काचेवर हिरवे ठिपके चमकायला लागतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तोंडातून "आई गं" निघालं होतं. सर म्हणाले होते, "तोंड बंद ठेव, शेंद्रा. श्वासात ओल असते."

व्होल्टेज वाढवत न्यायचं, करंट मोजायचा आणि ठरलेल्या रीतीनं त्यांचा ग्राफ काढायचा. पुस्तकातल्या नियमाप्रमाणं ती रेघ सरळ यावी लागते. आमची यायची, पण व्होल्टेज खूप वाढलं की शेवटच्या टोकाला ती खाली वाकायची. जेवढा करंट यायला हवा तेवढा यायचा नाही. पुढं जे झालं ते सगळं त्या वाकाभोवतीच झालं.

वाक दिसला की सरांचा एकच प्रश्न असायचा. "कुणाचा हात लागला?"

तो प्रश्न मुळात खोटा नव्हता, हेही लिहायला पाहिजे. आतल्या भागावर बोटाचा एक ठसा राहिला तरी त्यातलं तेल हळूहळू सुटत राहतं आणि पंप कितीही चालला तरी हवा पुरती निघत नाही. म्हणून सरांकडं हात धुण्याचा कायदा होता. साबण, मग गरम पाणी, मग स्पिरिट, मग हातमोजे. धुतलेले हात पुसायचे नाहीत. बोटं वर करून, अंगापासून लांब धरून वाळवायचे. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे. सर तसे हात वर धरून व्हरांड्यातून चालत आले की मुलं भिंतीला चिकटून वाट द्यायची.

"निर्वात म्हणजे सोवळं," सर म्हणायचे. "घरचं सोवळं मी आईबरोबर स्मशानात पोचवलं. इथलं नाही सोडणार."

सर अंडी खायचे, जानवं काढून ठेवलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी दर वर्षी पहिल्याच तासाला वर्गाला सांगायचे. वडील निजामाच्या राज्यात महसुलाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, पण घरातल्या तोंडाची बदलली नाही. म्हणून सरांच्या बोलण्यात तौबा, फिजूल, लिहाज असले शब्द यायचे आणि ते त्यांच्या तोंडी शोभायचेही. अंगात पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीचा. आवाज हळू. विद्यार्थ्याला त्यांनी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. गावानं मारायचे. मी शेंद्रा, माझ्याबरोबरचा मुलगा गंगापूर, आणि पीएच.डी. करणारी सुरेखाताई घोडके म्हणजे पैठण. सुरुवातीला आम्हाला त्यात आपलेपणा वाटला. शहरात आल्यावर कुणीतरी गावाचं नाव घेतंय! नंतर लक्षात आलं, शहरातल्या मुलांना ते आडनावानं हाक मारायचे.

आणि या सगळ्या स्वच्छतेत सरांच्या दोन सवयी होत्या, ज्या मला अजून जेवताना आठवतात. डबा खाऊन झाला की सर आगपेटीतली काडी काढून दात कोरायचे, काडीच्या टोकाकडं जरा वेळ बघायचे आणि ती काडी परत पेटीत ठेवून द्यायचे. तीच पेटी बर्नर पेटवायला. काडी ओली निघाली की सुरेखाताई ती चिमटीत लांब धरायची आणि डोळे मिटून मला म्हणायची, "ज्ञाना, आज सरांनी मेथी खाल्ली." दुसरी सवय म्हणजे स्कूटरच्या किल्लीनं कान कोरायचे. मग किल्ली शर्टाच्या खिशात. मग साबण, गरम पाणी, स्पिरिट, आणि बोटं वर करून आमच्याकडं बघत विचारायचे, "हात धुतलेत का सगळ्यांनी?"

गंगापूर डोक्याला खोबरेल लावायचा. एकदा वाक जरा जास्तच आला तेव्हा सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं, हातांचे वास घेतले आणि गंगापूरपाशी थांबले. "हा बघा. ही तेलाची घाणी." त्या दिवसापासून गंगापूरला प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी झाली. तो बाहेर स्टुलावर बसून आकडेमोड करायचा, आम्ही आतून ओरडून आकडे सांगायचो. त्यानं डोक्याला तेल लावायचं सोडलं. कपडे धुवायच्या पावडरीनं हात धुवायला लागला. बोटांची सालटं निघाली, तरी धूतच होता. आत वाक येतच होता. शेवटी एकदा सुरेखाताई म्हणाली, "सर, गंगापूर तर कधीपासून आत आलाच नाही." सर म्हणाले, "त्याचा अंश आत आहे अजून."

आम्ही यावर हसायचो. मीही हसायचो. पण वसतिगृहात गंगापूर ताटावर बसला की आधी हाताचा वास घ्यायचा आणि मगच भाकरी मोडायचा. ते बघवायचं नाही.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल. ज्या दिवशी सरांनी आम्हाला स्पेस चार्ज शिकवला, तो तास मी आजही जसाच्या तसा घेतो. मी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि तो तास चोरलेला आहे.

सर फळ्याकडं गेले नाहीत. टेबलाला टेकून म्हणाले, "पैठणहून यष्टी येते. मध्यवर्ती स्टँडवर थांबते. आत माणसं खच्चून. दार उघडलं. काय होतं?"

"उतरत्यात सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"उतरतात आणि?"

"अन् काय सर, दारातच हुभी ऱ्हातात!" अख्खा वर्ग हसला.

"बेशक!" सर खूश झाले. "उतरलेला पहिला माणूस दोन पावलं पुढं जात नाही. दारातच उभा राहून पिशवी शोधतो, पोराला हाक मारतो, धोतर सारखं करतो. दुसराही तिथंच. मग आतला माणूस उतरणार कुठं? कंडक्टर ओरडला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, काय फायदा? दार अडवलंय कुणी? पोलिसांनी? नाही. जे उतरले त्यांनीच. बाहेर पडलेल्यांची गर्दीच आतल्यांना आत ढकलते. इलेक्ट्रॉन तसाच. टोकातून सुटला, पण समोर त्याच्यासारखेच सुटलेले उभे. सगळ्यांचा भार ऋण, म्हणून ते मागच्याला मागं लोटतात. व्होल्टेज वाढवा, भोंगा वाजवा. करंट वाढायला पाहिजे तेवढा वाढत नाही. ग्राफची रेघ खाली वाकते. तो वाक म्हणजे चूक नव्हे. तो दारातल्या गर्दीचा फोटो आहे."

शेवटचं वाक्य मी त्याच वेळी मनात जपून ठेवलं. तो वाक म्हणजे चूक नव्हे. म्हणूनच पुढच्या प्रकाराची मला एवढी किळस आली असावी. न कळणाऱ्या माणसानं तसं केलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

सुरेखाताईची आई पैठणला मागावर पैठणी विणायची. ताई स्वतः मागावर बसून शिकलेली, त्यामुळं तिचे हात फार हलके होते. तिनं बसवलेली चकती कधी हलायची नाही. पीएच.डी.ची तिची बरीच वर्षं सरांकडं गेली होती. एका कॉलेजातली कायमची नोकरी त्या पदवीवर अडून राहिली होती, आणि तिच्या सगळ्या मोजण्यांत वरच्या टोकाला वाक होता.

ताईनं तो वाक घासूनपुसून बघितला. आतलं सगळं भट्टीत तापवून घेतलं, वाक राहिला. नवी चकती बसवली, वाक राहिला. तारेच्या वाटेवर एक रोधक होता, त्याचा परिणाम असेल म्हणून तो काढून टाकला, तरी राहिला. मग तिनं चकती आणि काच यांच्यातलं अंतर बदललं, आणि वाकानं आपली जागा बदलली. त्या दिवशी तिनं मला ओढत ग्राफपाशी नेलं. "बघ ज्ञाना. घाण असती तर अंतर बदललं म्हणून ती कशाला सरकंल? ही गर्दी हाय रं. दारातली गर्दी!" तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मलाच आपण काहीतरी शोधल्यासारखं वाटलं.

तिथून ती थेट सरांच्या खोलीत गेली. ग्राफची भेंडोळी घेऊन मी मागं.

सरांच्या खुर्चीमागं भिंतीवर, जिथं लोक देवाची तसबीर लावतात तिथं, एका ग्राफची तसबीर होती. सरांच्या तरुणपणच्या संशोधनातला ग्राफ, छापून आलेला. त्यातली रेघ खालपासून वरच्या शेवटच्या बिंदूपर्यंत ओळंब्यासारखी सरळ. रोज सकाळी सर स्वतः त्या काचेवरून फडकं फिरवायचे. "याला म्हणतात हात," असं नव्या विद्यार्थ्याला दाखवायचे.

ताईनं सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फिजूल. कुणाचा तरी हात लागलाय."

"नाही सर. स्पेस चार्जच आहे. तुम्हीच तर शिकवलं, यष्टीच्या दारात..."

"वर्गातलं वर्गात. इथं हाताचं बघायचं."

मग ताईनं तो प्रश्न विचारला. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं. ती तसबिरीजवळ गेली आणि वरच्या बिंदूवर बोट ठेवून म्हणाली, "सर, तुमच्या या ग्राफात करंट आमच्याहून जास्त आहे. मग इथं तर वाक यायलाच पाहिजे होता. वरचे बिंदू घेतले नव्हते का?"

मला त्याच क्षणी समजलं. ताईचा वाक खरा असेल तर भिंतीवरची सरळ रेघ खरी नव्हती. वाकलेले बिंदू सरांनी तेव्हा काढून टाकले होते. सर ताईकडं बघत नव्हते. ते काचेकडं बघत होते, जिथं तिच्या बोटाचा ठसा उमटला होता.

"ठसा उमटवलास, पैठण," ते म्हणाले. उठले, फडकं घेतलं आणि तेवढीच जागा पुसत राहिले. बराच वेळ. मग पाठमोरेच म्हणाले, "प्रबंधात एक वाक्य घाल. वरच्या टोकाला दिसणारा वाक हा नमुना हाताळताना संशोधकाच्या हातून राहिलेल्या अस्वच्छतेमुळे आहे. एवढं घाल. त्याच दिवशी सही करतो."

एक वाक्य. बाहेर आल्यावर गंगापूर स्टुलावरून उठून म्हणाला, "ताई, लिहून टाका ना. त्या जाडजूड पोथीत कोण वाचतंय?"

"मी वाचीन ना," ताई म्हणाली. मग तिनं आपले हात आमच्यापुढं धरले. "आमची आई मागावर बसायच्या आधी राखंनं हात घासती. घाम लागला तर जरतार काळी पडती. खराब हातानं रेशमाला शिवायचं नाय, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलंय. अन् मी लिहून देऊ, माझे हात घाण हायेत म्हणून? कामून?"



त्याच सुमारास बाहेरच्या एका विद्यापीठातले प्राध्यापक आमच्याकडं व्याख्यानाला आले. त्यांना आम्ही पाहुणे सर म्हणत होतो. प्रयोगशाळा बघताना त्यांनी ताईचा ग्राफ उचलला. "मजेशीर वाक आहे हो, वालूरकर."

"मुलांचे हात," सर हसून म्हणाले. "खेड्यातनं येतात. काय करणार?" आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. कदाचित पाहुण्यांनी ग्राफ लगेच खाली ठेवला नाही म्हणून असेल. "मी स्वतः बसवतो नमुना. उद्या दुपारी या. रेघ कशी येते ती बघा."

सरांना नमुना बसवताना मी एकदाच बघितलं, आणि ते बघण्यासारखं होतं. साबण, गरम पाणी, स्पिरिट. हातमोज्यांचं नवं पाकीट त्यांनी आपल्या कपाटातून काढलं, स्वतः फोडलं. आम्हाला भिंतीपाशी उभं केलं होतं, श्वाससुद्धा तिकडं सोडायचा नव्हता. चिमट्यात चकती धरून त्यांनी ती अशी बसवली की टक् असा आवाजही झाला नाही. झाकण लागलं, पंप सुरू झाला. ताई माझ्या कानात म्हणाली, "हात लई चांगला हाय रे सरांचा." तिला खरंच कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे सर चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले. सर स्वतः व्होल्टेजचं बटण फिरवत होते, आकडे मोठ्यानं म्हणत होते. गंगापूर उंबऱ्याबाहेर कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता. मी ग्राफच्या कागदावर बिंदू मांडत होतो. रेघ सरळ चालली होती. सरांचा आवाज आणखी मऊ झाला. काचेवरचे ठिपके भरत गेले, हिरवा उजेड वाढला. सरांनी बटण आणखी फिरवलं. गंगापूरनं आकडा सांगितला आणि थांबला. त्यानं पुन्हा गणित केलं. तोच आकडा सांगितला.

तो बिंदू रेघेच्या खाली येत होता. मी तो जिथं होता तिथंच मांडला. पुढचा त्याहून खाली. पुढचा आणखी खाली. ताईच्या ग्राफात होता तोच वाक, त्याच जागी.

सरांनी माझ्या खांद्यावरून कागद बघितला. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं, आधी तळहात, मग उलटे करून. त्या क्षणी मला त्यांची दया आली होती. मला वाटलं, आता सर हसतील, म्हणतील, "बेशक, पैठण, गर्दीच आहे." मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

सर म्हणाले, "हातमोजे कुणी आणले?"

"तुमच्या कपाटातले आहेत, सर," ताई म्हणाली. "पाकीट तुम्हीच फोडलं."

"मग कारखान्यात कुणाचा तरी हात लागला."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर जरा तरी हलते. सरांची हलली नाही. ते नळावर गेले आणि हात धुवायला लागले. फेस कोपरापर्यंत आला. मला किळस आली ती त्या फेसाची.

पाहुणे सर चहा ढवळत होते. "होतं असं," म्हणाले. निघताना जिन्यात ताईला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं, "मॅडम, घाला ते वाक्य. गाइडशी भांडून कुणाचं भलं झालंय? मलाही दिसतं हो काय आहे ते." आणि दोन पायऱ्या उतरून मागं वळले. "तुम्ही पैठणच्या ना? घरून एखादी पैठणी रास्त भावात मिळेल का? मुलीचं लग्न आहे."

ताईनं वाक्य घातलं नाही. सरांनी सही केली नाही. तिनं वर तक्रार केली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की मार्गदर्शकाच्या मताला फार वजन असतं, तुम्ही आपसात मिटवा. दुसरे मार्गदर्शक वालूरकर सरांच्या लिहाजापोटी तिला घ्यायला तयार झाले नाहीत. कॉलेजातली नोकरी दुसऱ्याला गेली. एके दिवशी ती आपलं सामान न्यायला आली. होतं काय, एक डबा, एक ॲप्रन, मापाची पट्टी. आम्हाला म्हणाली, "पैठणला आला की घरी या. गंगापूर, तू तेल लावून ये." गंगापूर रडायला लागला. जाताना ताईनं दार कोपरानं ढकललं नाही. कडीवर अख्खा पंजा ठेवला, दाबून, आणि दार उघडून गेली.

सर आले तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नाही. तरी त्यांनी कडीकडं बघितलं आणि स्पिरिटची बाटली मागवली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सर मला पुन्हा दिसले, एकदाच. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात, सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. पंगत उठली होती. हात धुवायच्या नळाशी एक म्हातारा माणूस दंडापर्यंत साबण चोळत होता आणि मागं लोक खोळंबले होते. शर्ट पांढराशुभ्र. मी ओळखलं आणि निघून जावंसं वाटलं. पण पाय निघाला नाही. इतकी वर्षं शिक्षकाला नमस्कार करायची सवय.

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "शेंद्रा ना?"

"हो सर."

"काय करतोस?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पाणी हातांवरून वाहत होतं. "आणि ती पैठण?"

"शाळेत शिकवते, सर. पैठणलाच."

"हं." त्यांनी बोटांच्या फटी धुतल्या. "हात वाईट नव्हता तिचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग सर, तो वाक?"

सरांनी नळ बंद केला, कोपरानं. "वाक येणारच की," ते म्हणाले. "एवढ्या करंटला स्पेस चार्ज होणारच. पुस्तकात दिलेलंच आहे ते."

बस एवढंच. जेवणात मीठ जरा जास्त होतं, असं सांगावं त्या आवाजात. मला वाटलं होतं, म्हातारपणी कधीतरी माणसाला आपल्या केल्याचं ओझं वाटत असेल. यांना ते ओझं नव्हतंच. वाक खरा आहे हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, आताही ठाऊक होतं, आणि त्याचा ताईशी काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

सरांनी बोटं वर केली. इकडं तिकडं बघितलं. मी नकळत खिशातला रुमाल काढून पुढं केला. धुतलेला होता, घडीचा. सर जरा वाकले, रुमालाचा वास घेतला आणि म्हणाले, "राहू दे."

मग ते दाराकडं निघाले, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. दारात गर्दी होती. जेवून बाहेर पडलेले लोक दारातच थांबले होते. कुणी चपला शोधत होतं, कुणी पोरांना हाका मारत होतं, कुणी पानाची वाट बघत होतं. आतले मागून रेटत होते. सर त्या गर्दीपाशी जाऊन उभे राहिले. "जरा सरका," ते हळू आवाजात म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. पुढच्याच्या खांद्याला हात लावला असता तर तो सरकला असता. सरांनी हात आणखी वर घेतले. कोपरांवरून पाणी गळत होतं.

मागून एक बाई पोर कडेवर घेऊन त्या रेटारेटीत शिरली. पोराच्या मुठीत जिलबी होती. तोल जाऊ नये म्हणून पोरानं समोर जे दिसलं ते धरलं. सरांच्या पाठीवर, त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर, पाकाचा पिवळा पंजा उमटला, पाचही बोटं वेगवेगळी. सरांना कळलं नाही. ते दाराकडं बघत तसेच उभे होते, हात वर धरून.